पाहुण्याचे पाय

मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. मी तोंडाळ आहे. आमच्या समुद्र-संशोधन केंद्रात मला ‘तोफ’ म्हणतात आणि हे नाव मिस्त्रींनीच ठेवलेलं. कुणाचं काही चुकलं की मी तोंडावर सांगते, मग समोर केंद्राच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई असोत, नाहीतर फाटकावरचा रखवालदार. असं असूनही एक वाक्य मी सहा वर्षं घशात अडकवून ठेवलं आणि त्यापायी एका शहाण्या माणसाने सहा वर्षं स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावला. लाज वाटते. लिहितानाही वाटतेय.

मिस्त्रींचं वर्कशॉप केंद्राच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. भिंतीवर फळी, फळीवर हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराभोवती रंगाने त्याची आकृती काढलेली. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लगेच डोळ्यात भरायची आणि मिस्त्री आम्हा सगळ्यांची झडती घ्यायचे. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. जहाजदुरुस्तीच्या गोदीत लेथवर हात बसला आणि तिथून इथे आले. बुटका बांधा, कानावर पेन्सिल, चष्म्याला दोरी. शर्टाचे सगळे खिसे ताणलेले, कारण खिशात कायम वही. कुठला स्क्रू किती वाजता सैल केला आणि किती वाजता घट्ट केला, सगळं वहीत. आम्ही चेष्टा करायचो की काका घरी आमटीत मीठ घातलं तरी लिहून ठेवत असतील. ते म्हणायचे, डोक्याचा काय भरवसा, लिहिलं ते झालं आणि नाही लिहिलं ते झालंच नाही.

यामागचं कारण त्यांनी मला एकदा बोटीवर सांगितलं होतं. उतारवयात त्यांच्या आईची आठवण गेली. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, असलं किरकोळ. मग एक दिवस ती लेकीच्या मुलाला घेऊन बाजारात गेली आणि भाजीची पिशवी घेऊन एकटीच घरी आली. पोरगं दोन तासांनी एका कापडदुकानाच्या पायरीवर सापडलं. पोराला काही झालं नाही, पण आई त्यानंतर कुणाच्या मुलाला हात लावेना. मिस्त्री तेव्हा तिशीतही नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी पहिली वही आणली.

आता आमचं काम काय, ते सांगते. किनाऱ्यापासून बोटीने दीड दिवसावर समुद्राच्या तळाशी एक डोंगर आहे. माथा पाण्याखाली सहाशे मीटर. तो ज्वालामुखी आहे. पोटात खालून शिलारस भरत जातो तसा तो आंबवलेल्या पिठासारखा हळूहळू फुगतो, एक दिवस फुटतो, खाली बसतो आणि पुन्हा फुगायला लागतो. मागच्या वेळी ज्या उंचीला फुटला त्या उंचीच्या जवळ आला की समजायचं, बाईसाहेबांचे दिवस भरत आले. मग वरचं पाणी रिकामं करायचं. कारण वर मासेमारीच्या बोटी असतात, आणि खालून वायू आणि तरंगणारे दगड आले की इंजिनं बंद पडतात, बोटी अडकतात.

म्हणजे आमचं सगळं भाकीत एका आकड्यावर उभं: तळ किती वर आला. तो मोजायचा पाण्याच्या दाबावरून. तळ वर आला की डोक्यावरचं पाणी कमी, दाब कमी. माथ्यावर अशी पाच यंत्रं कायमची बसवलेली आहेत. त्यांना आम्ही ‘घरचे’ म्हणतो. पण घरचे वर्षभरात थोडे खोटं बोलायला लागतात, भिंतीवरचं घड्याळ मागे पडावं तसे. म्हणून वर्षातून एकदा सहावं, चोख यंत्र घेऊन जायचं. त्याचं नाव ‘पाहुणा’. प्रत्येक घरच्याशेजारी मिस्त्रींनी ओतलेला सिमेंटचा एक पाट आहे. यंत्रमानव पाहुण्याला हातात धरून खाली नेतो आणि पाटावर बसवतो. आधी डोंगरापासून लांब, न फुगणाऱ्या सपाट जमिनीवरच्या मूळ पाटावर, मग डोंगरावरच्या पाचही पाटांवर, आणि शेवटी पुन्हा मूळ पाटावर, खातरजमा म्हणून. पाहुण्याला तीन पाय, पायांना रबरी टाचा. पहिल्या पाटापासून शेवटच्यापर्यंत त्या टाचांची उंची तीच राहायला हवी, एवढं शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून पाहुण्याला मिस्त्रींशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

सहा वर्षांपूर्वीच्या सफरीत यंत्रमानवाचा हात अडकला आणि तो सोडवण्यात मिस्त्री सलग वीस तास उभे राहिले. मूळ पाटाचं माप झालं तेव्हा त्यांचे डोळे मिटत होते. मीच ओरडून त्यांना झोपायला पाठवलं. दुपारची वेळ. पाहुणा वर आला होता, थोड्या वेळाने पुन्हा खाली जायचा होता आणि हवामानवाले सांगत होते की उद्या सकाळपासून समुद्र खवळणार. मी सफरीची प्रमुख, पहिल्यांदाच. क्रेनवाल्याला दम निघत नव्हता म्हणाल तर खोटं. दम मला नव्हता. दोरी मी स्वतः धरली आणि घाईत सैल सोडली. पाहुणा झुलला, लोखंडी कठड्यावर आपटला आणि एक टाच चिरली.

मिस्त्रींना उठवायला हवं होतं. उठवलं असतं तर ते म्हणाले असते, नव्या टाचा लावा आणि मूळ पाटावर पुन्हा माप घ्या, आणि त्यात चार तास गेले असते. मी त्यांच्या पेटीतून तीन नव्या टाचा काढल्या आणि तिन्ही बदलल्या. दिसायला सारख्याच. जुन्या समुद्रात फेकल्या. का फेकल्या? मी स्वतःला सांगितलं, कचरा म्हणून. पण कचऱ्याचा डबा दोन पावलांवर होता.

पाचही पाट झाले, तोवर वारा सुटला आणि परतीचं माप आम्ही सोडून दिलं. मिस्त्री उठून वर आले आणि विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. बंदराला लागलो की सांगू, असं मनात होतं. बंदराला लागलो तेव्हा वाटलं, उद्या सांगू.

त्याआधीच्या वर्षी डोंगर फुटण्याच्या उंचीपासून सहा सेंटिमीटर खाली होता. आमचा अंदाज, वर्षभरात चार चढला असेल. पाहुण्याने दाखवले साडेपाच. म्हणजे उरला अर्धा, बोटाच्या नखाएवढा. घरचे चारच दाखवत होते, पण घरच्यांचं कोण ऐकतं. पाहुणा म्हणेल ते खरं. मोठ्या बाईंनी जाहीर केलं की महिना-दीड महिन्यात डोंगर फुटेल. वरचं पाणी बंद झालं. केबल टाकायला निघालेलं जहाज अर्ध्या वाटेवरून परतलं. मासेमारीचे ऐन दिवस होते आणि बोटी धक्क्याला बांधून पडल्या. चार महिने गेले, डोंगर ढिम्म हलला नाही. मोठ्या बाई बाहेर पडल्या की कोळी विचारायचे, बाई, आज तरी फुटणार का? त्या खाली मान घालून गाडीत बसायच्या.

मला कधी कळलं? तिसऱ्या आठवड्यात. एका संध्याकाळी मिस्त्री घरी गेल्यावर मी पेटीतल्या उरलेल्या टाचांना पट्टी लावली. मिस्त्रींच्या जुन्या वहीत जुन्या टाचांची उंची होती. नव्या दीड सेंटिमीटरने उंच. साडेपाचातून दीड गेले की चार, घरचे म्हणत होते तेच. मी पेटी बंद करून होती तिथे ठेवली आणि घरी जाऊन जेवलेसुद्धा.

मिस्त्रींना चौथ्या महिन्यात कळलं. भाकीत फसलं तेव्हापासून ते स्वस्थ बसलेच नव्हते. एकेक यंत्र उघडून तपासत होते. पाहुण्याच्या टाचा त्यांनी शेवटी मोजल्या, कारण टाचा बदललेल्या असणं त्यांच्या लेखी शक्यच नव्हतं. वहीत नव्हतं ना. चहाच्या वेळी ते माझ्या टेबलाशी आले. एक टाच टेबलावर ठेवली, शेजारी वही उघडून ठेवली. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“या नव्या आहेत,” ते म्हणाले. “बदललेल्या आहेत आणि मी लिहिलेलं नाही. तू होतीस तिथे. मला बदलताना पाहिलंस का?”

त्यांच्या मनात माझ्याबद्दल तिळाएवढा संशय नव्हता. ते मला साक्षीदार म्हणून विचारत होते. एवढी संधी देवही देत नाही. आणि मी, तोफ, काय बोलले?

“काका, तुम्ही त्या दिवशी वीस तास जागे होतात. बदलल्या असतील आणि विसरला असाल.”

ते म्हणाले, “असेल. आईचंही असंच सुरू झालं होतं.” टाच खिशात टाकली, वही मिटली आणि खुर्ची जागेवर सरकवून गेले.

मोठ्या बाईंना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत एक चूक, कुणाची होत नाही? पण विसरणाऱ्या हाताने यंत्राला शिवू नये, असं म्हणून मिस्त्रींनी निवृत्तीला दोन वर्षं असताना काम सोडलं. निरोपाच्या दिवशी भाषण मी केलं. चांगलं झालं. दोघी-तिघी रडल्या. पुढे मी नवा नियम काढला: टाचांची उंची दोघांनी मोजायची, दोघांनी सह्या करायच्या, आणि परतीच्या मापाशिवाय आकडा धरायचा नाही. त्या नियमाबद्दल माझी पाठ थोपटली गेली. मी पाठ पुढे केली.

मधल्या काळात मी त्यांच्या घरी गेले नाही. कधीतरी फोन करायचे, काकूंनी उचलला की बरं वाटायचं, दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही. रस्त्यात बुटका माणूस दिसला तरी मी पलीकडच्या फुटपाथवर जायचे.

डोंगर दोन वर्षं रुसल्यासारखा फुगायचाच थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला, पण पूर्वीपेक्षा फार संथ. या वर्षी आमचा आकडा चोख होता. आम्ही दहा दिवसांची मुदत सांगितली, बोटी माघारी आल्या, आणि सातव्या दिवशी डोंगर फुटला. पाणी मैलभर हिरवं झालं, दगड तरंगले, माणूस एकही अडकला नाही. केंद्रात कार्यक्रम ठरला. मोठ्या बाई म्हणाल्या, सगळे पाट मिस्त्रींनी ओतलेले, त्यांना आणायलाच हवं, तू जा, तुझ्यावर त्यांचा जीव होता. ‘होता’ हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नाही कसं म्हणणार?

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दुपारचे चार. दार काकूंनी उघडलं. आत शिरताना दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली कागदाची पट्टी दिसली, मिस्त्रींच्या अक्षरात: ‘किल्ली घेतली का?’ स्वयंपाकघरात शेगडीवर दुसरी: ‘गॅस बंद?’ नळावर तिसरी. बाथरूमच्या दिव्याच्या बटणावर चौथी. मिस्त्री खिडकीशी बसले होते, अंगाने निम्मे झालेले. मला बघून खरंच आनंदले. “आली का आमची तोफ,” म्हणाले. टेबलाशी त्यांची नात अभ्यास करत होती, अकरा वर्षांची, लांब वेणीची. डोंगर फुटल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी किती वाजता, किती सेंटिमीटरला, सगळं विचारलं आणि टाळी दिली. कार्यक्रमाला मात्र नको म्हणाले. चार माणसांत काहीतरी विसरेन, तुम्हालाच ओशाळवाणं होईल.

काकूंनी मला चहा करायच्या निमित्ताने आत बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. डॉक्टर झाले, दोनदा. दोघांनीही सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. हे म्हणतात, डॉक्टर दहा मिनिटं बघतो, त्याला काय कळणार. सहा वर्षांत काही विसरले का, तर एक गोष्ट नाही. त्या पट्ट्यांची गरज एकदाही पडलेली नाही. पण स्कूटर विकली. एकटे बाहेर पडत नाहीत. आणि नात. तिची आई कामावर जाते, पोर लहानपणापासून यांच्याकडेच. तेव्हा पाच वर्षांची होती. रोज संध्याकाळी यांचं बोट धरून धक्क्यावर जहाजं मोजायला जायची. काम सोडलं त्या दिवशीही चप्पल घालून दोघं दारात उभी होती. यांनी एकदम तिच्या हातातून बोट सोडवून घेतलं आणि आत येऊन बसले. त्यानंतर तिला घेऊन खालच्या दुकानापर्यंतसुद्धा एकटे गेले नाहीत. पोर महिनाभर रोज चप्पल घालून दारात उभी राहायची, मग तिनेही सोडलं.

मी कप हातात घेतला आणि तो पुन्हा ओट्यावर ठेवला. मला वाटत होतं, मी एका माणसाची दोन वर्षांची नोकरी खाल्ली. एवढाच हिशोब मी सहा वर्षं धरला होता.

बाहेर आले. बसले नाही.

“काका, त्या टाचा मी बदलल्या. तुम्ही झोपला होतात. एक चिरली, माझ्या हातून. मी तीनही बदलल्या आणि सांगितलं नाही. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मला माहीत होतं. तुम्ही काहीही विसरला नव्हतात.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. नातीने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, मिस्त्री आता ओरडतील, निदान एकदा तरी. त्यांनी विचारलं, “किती वाजता?”

सव्वाला, मी म्हटलं.

“जुन्या कुठे आहेत?”

समुद्रात.

त्यांनी मान हलवली, जशी वर्कशॉपमध्ये हलवायचे. उठून आत गेले आणि कपाटातून ती वही घेऊन आले, त्याच सफरीची. नेमकं पान काढलं. मूळ पाटाच्या मापाची नोंद, त्याखाली तीन ओळी कोऱ्या, मग पुढच्या नोंदी. कोऱ्या ओळींच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण होती. रोज कुणी तिथे बोट फिरवत असावं तसं ते पान मळलेलं होतं.

“मी झोपून उठलो की वहीत जागा सोडतोच, मधलं कुणी सांगितलं तर लिहायला,” ते म्हणाले. “मग वाटलं, कधीतरी आठवेल. रोज बघायचो. आठवायचंच नाही.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. “तू लिही. सही कर.”

मी लिहिलं. दुपारी सव्वा वाजता टाचा बदलल्या, एक चिरल्यामुळे. त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि बोट ठेवून सांगितलं, तीनही, असं लिही. मी ‘तीनही’ घातलं. खाली सही केली. त्यांनी वही मिटली.

“मी तुला तोफ म्हणायचो,” ते म्हणाले. “सगळ्यांना सांगायचो, ही पोरगी मनात काही ठेवत नाही.”

एवढंच. शिवी दिली असती तर मी ती घरी घेऊन गेले असते आणि पुरवून पुरवून वापरली असती.

मिस्त्री दारापाशी गेले. ‘किल्ली घेतली का?’ची पट्टी नखाने कोपऱ्यातून उचलली आणि सोलून काढली. तिची घडी करून खिशात ठेवली. चप्पल घातली. घड्याळात बघितलं, पाच वाजायला आले होते. नातीला म्हणाले, चल, धक्क्यावर जाऊन येऊ, जहाजं मोजू.

ती माझ्याकडे, मग आजीकडे बघून उठली. तिनेही चप्पल घातली. मिस्त्रींनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं, खाली, कमरेच्याही खाली, पाच वर्षांच्या मुलीचा हात जिथे पोचेल तिथे. नातीने त्या बोटाकडे बघितलं आणि जरा लाजून हसली.

“आजोबा, मी काय लहान आहे?” ती म्हणाली, आणि भराभर जिना उतरायला लागली.

बोट क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी कठडा धरला आणि तिच्या मागोमाग उतरले. त्यांच्या पावलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिला, सावकाश, एकेक पायरी.

काकूंनी दार लावलं. माझा चहा गार झाला होता, त्यांनी तो कप उचलला आणि मी न प्यायलेला चहा मोरीत ओतला. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सहा वर्षांपूर्वी तिने ते बोट दोन्ही हातांनी धरलं असतं.”